कर्बीच्या पिवळ्या कागदामागची अकरा वर्षं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला. चार वर्षं शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत उतरते, सध्या आयएलसीए ६ चालवते, म्हणजे आपण ज्याला अजूनही लेझर रेडियल म्हणतो ती, एकट्याने चालवायच्या लेझर होडीचा लहान शिडाचा प्रकार. तिला होड्यांची डिझायनर व्हायचंय. तुमचं म्हणणं, आधी नेव्हल आर्किटेक्चरची, म्हणजे जहाजं-होड्या आखण्याच्या शास्त्राची, डिग्री घे, शर्यती मग बघू. तिचं म्हणणं, ज्याने लेझर काढली त्या ब्रूस कर्बीकडे कुठे डिग्री होती? त्याने तर फोनवर बोलता बोलता कागदावर होडी काढली. आता कोणाचं खरं?

मी तीसेक वर्षं मुंबई बंदरात डिंगी, म्हणजे लहान उघडी शिडाची होडी, शिकवतोय, फुटलेल्या डिंग्या दुरुस्त करतोय, आणि तीन लहान होड्या स्वतः आखून बांधल्या आहेत. मोठ्या यॉट मी आखलेल्या नाहीत, म्हणून त्याबद्दल जपून बोलेन. तुमच्या घरातला वाद मला वेगळाच वाटतो. तुम्ही दोघंही कर्बीच्या आयुष्यातला एकच दिवस बघताय. त्याच्या आधीची अकरा वर्षं बघितली तर डिग्री की शर्यत हा प्रश्नच बदलतो. त्यामुळे आधी त्याची गोष्ट नीट सांगतो.

ब्रूस कर्बीचा जन्म १९२९ मध्ये कॅनडातल्या ओटावाचा. लहानपणापासून नदीत होड्या. पोटापाण्यासाठी तो पत्रकार झाला, ओटावा आणि मॉन्ट्रियलच्या दैनिकांत नोकरी केली, पुढे अमेरिकेत शर्यतींच्या होड्यांवरच्या मासिकाचा संपादक झाला. नोकरी सांभाळूनच शर्यती चालू होत्या. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला तो फिन या एकट्याने चालवायच्या होडीच्या वर्गात उतरला. त्या वर्गाचं सुवर्ण डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमने नेलं, ज्याने १९४८ पासून ओळीने चार ऑलिंपिक सुवर्णं जिंकली. १९६४ ला टोकियोत कर्बी पुन्हा फिनमध्ये, आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकला स्टार या दोघांच्या होडीच्या वर्गात.

आता डिझाइनकडे. तुमच्या मुलीचं बरोबर आहे, त्याचं नेव्हल आर्किटेक्चरचं औपचारिक शिक्षण झालं नव्हतं. त्या विषयाचं एक जुनं, प्रमाण मानलं जाणारं पुस्तक घेऊन तो घरी बसून शिकला. १९५८ मध्ये त्याने पहिली होडी काढली ती इंटरनॅशनल फोर्टीन या चौदा फुटी होड्यांच्या वर्गाची. हा वर्ग मुद्दाम निवडण्यासारखा आहे, कारण त्यात लांबी वगैरे काही मापं ठरलेली असतात, पण त्या चौकटीत बूड कसं काढायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. साहजिकच तिथे आखणाऱ्यांचीही शर्यत लागते. कर्बीची पहिली फोर्टीन आली, लोकांनी ती चालवली, त्यानेही चालवली. मग मार्क दोन, मार्क तीन, असं करत तो मार्क पाचपर्यंत गेला. प्रत्येक वेळी आधीच्या होडीत काय खटकलं ते पाण्यावर कळायचं आणि पुढच्या कागदावर उतरायचं.

मॉन्ट्रियलचा इयान ब्रूस हा औद्योगिक डिझायनर, स्वतः फोर्टीनवाला आणि ऑलिंपियन. कर्बीच्या होड्या तो बांधायचा. १९६९ मध्ये त्याला हडसन्स बे कंपनीकडून विचारणा आली: कॅम्पिंगच्या सामानाबरोबर विकता येईल आणि गाडीच्या टपावर टाकून नेता येईल अशी लहान होडी मिळेल का? ब्रूसने कर्बीला फोन लावला. बोलता बोलता कर्बीने समोरच्या पिवळ्या रेघी कागदावर एक आकृती काढली. तुमची मुलगी म्हणते तो कागद हाच. पण फोन ठेवल्यावर त्याने ड्रॉइंग बोर्डावर बसून बुडाच्या रेषा रीतसर आखल्या, आकडे काढले, आणि मग ते कागद ब्रूसकडे गेले. एवढं होऊन कंपनीचा बेत बारगळला आणि आराखडा पडून राहिला.

१९७० मध्ये कर्बीच्याच मासिकाने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हावर १००० डॉलरच्या आतल्या होड्यांची शर्यत भरवली, तेव्हा तो कागद बाहेर आला. होडी घाईघाईने बांधली, नाव ठेवलं वीकएंडर. शीड शिवलं हान्स फोगने. हा मूळचा डेन्मार्कचा, १९६० च्या ऑलिंपिकचा रौप्यपदकविजेता, एल्व्हस्ट्रॉमच्या शीडकारखान्यात तयार झालेला. होडी चालवलीही त्यानेच. पहिल्या दिवशी ध्यानात आलं की शीड काठीच्या, म्हणजे डोलकाठीच्या, वाकाशी जुळत नाही. रात्री शीड उसवलं, कापलं, पुन्हा शिवलं, आणि दुसऱ्या दिवशी होडी पुढे गेली. पुढे आणखी नमुने करून शीड आणि काठी जुळवली, एका विद्यार्थ्याने लेझर हे नाव सुचवलं, आणि जानेवारी १९७१ च्या न्यू यॉर्क बोट शोमध्ये ६९५ डॉलरला ती विकायला ठेवली. त्या एका प्रदर्शनात १४४ होड्यांची मागणी नोंदली गेली. आज आकडा दोन लाखांच्या वर आहे. १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे, आणि तुमची मुलगी चालवते ती रेडियल २००८ पासून महिलांची ऑलिंपिक होडी आहे. आपल्या विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन यांनी टोकियो आणि पॅरिस गाठलं ते लेझरवरच.

तर १९५८ ते १९६९ ही अकरा वर्षं. फोनवर काढलेली रेघ त्या वर्षांच्या सवयीतून आली.

ती सवय नेमकी कसली, हे एका आकड्यावरून सांगतो. कारण 'अनुभव' म्हटलं की ते फार मोघम होतं.

लेझरच्या बुडासाठी कर्बीने प्रिझमॅटिक कोइफिशंट ०.५५ धरला होता. हा आकडा समजायला अवघड नाही. होडीच्या पाण्याखालच्या भागातला सगळ्यात भरलेला आडवा छेद घ्या. तोच छेद जलरेषेच्या पूर्ण लांबीभर ओढून एक ठोकळा केला अशी कल्पना करा. त्या ठोकळ्याचा जेवढा हिस्सा प्रत्यक्ष होडी व्यापते, तो हा आकडा. आकडा लहान म्हणजे होडीची दोन्ही टोकं बारीक, पोट मध्यभागी. मंद वाऱ्यात ती कमी लाटा उठवत सरकते. आकडा मोठा म्हणजे टोकं भरलेली. जोराच्या वाऱ्यात वेग घ्यायला बरी. सूत्र पुस्तकात मिळतं. पण ०.५३ घ्यायचा की ०.५७, हे कसं ठरवणार?

तिथे वारा, पाणी आणि माणूस डोळ्यांसमोर आणावा लागतो. लेझरची जलरेषा साधारण ३.८ मीटर. एवढ्या लांबीची होडी पाणी कापत जाते तेव्हा पावणेपाच नॉटच्या आसपास स्वतःच्याच लाटेत अडकते. त्यापुढे जायचं तर तिने पाण्यावर उचललं गेलं पाहिजे, ज्याला आपण प्लेन होणं म्हणतो. वाऱ्याविरुद्ध चढताना ती बहुतेक वेळ पाणी कापतच असते, वळसा घालून वारा मागे घेतला की प्लेन होते. एकाच बुडाने दोन्ही करायचं. शिवाय रिकामी होडी ५९ किलोची आणि कर्बीने गृहीत धरलेला माणूस ८० किलोच्या थोडा वर. म्हणजे होडीपेक्षा चालवणारा जड! तो एक वीत मागे सरकला की पाण्याखालचा आकारच बदलतो. काठाबाहेर अंग टाकून तो कुठे बसेल, झुळूक आल्यावर किती वेळात मागे सरकेल, दमल्यावर काय करेल, हे ज्याने स्वतः केलेलं नाही त्याला त्या आकड्यात माणूस दिसत नाही. कर्बीला दिसत होता, कारण फिनमध्ये त्याने तेच वर्षानुवर्षं केलं होतं.

तुमच्या मुलीला विचारून बघा. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी खारा वारा सुटला की आमच्या बंदरात आखूड, उभी लाट उठते, त्यात लाँचच्या लाटा आडव्या येतात. तेव्हा लेझरचं पुढचं टोक लाटेत शिरताना तिच्या पायांना काय कळतं? होडी कुठे अडते, तिला केव्हा मागे सरकावं लागतं? ती पाच मिनिटं न थांबता बोलेल. चार वर्षांत तिने जमवलेला हा ऐवज आहे आणि कुठल्याही प्रवेश परीक्षेत तो विचारला जात नाही. शर्यती बंद करायला सांगाल तर हा ऐवज वाढायचा थांबेल. म्हणून 'शर्यती नंतर बघू' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही.

तिचं म्हणणंही अर्धंच पटतं. मी आखलेल्या पहिल्या होडीचं सांगतो. बारा फुटी, प्लायवूडची. तेव्हा मला वाटायचं, इतकी वर्षं चालवतोय, आकार डोळ्यांत बसलाय, आकडेमोड कशाला. बूड खरंच चांगलं उतरलं. पण पहिल्या दिवशी शीड भरलं आणि टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हाताला ओढू लागलं. साधं ओढणं नव्हे. दहा मिनिटांत खांदा भरून आला, आणि टिलर जरा सैल सोडलं की होडी गर्रकन वाऱ्याकडे तोंड करून उभी राहायची. उरणचा एक म्हातारा सुतार धक्क्यावरून बघत होता. तो म्हणाला, "काठी पुढं घ्या." शिडावरच्या जोराचा मध्य बोर्डाच्या, म्हणजे पाण्यात खाली सोडलेल्या फळीच्या, मध्याच्या फार मागे पडला होता. हे दोन मध्य काढून त्यांतलं अंतर आधी ताडून घ्यायला पेन्सिल, पट्टी आणि अर्धा तास पुरतो. मी तो अर्धा तास वाचवला, आणि नंतर डेक कापून काठीची बैठक चार बोटं पुढे नेण्यात तीन आठवडे घालवले. टिलर ओढतंय हे माझ्या हाताला लगेच कळलं होतं. का ओढतंय ते मात्र आकडेमोडीशिवाय कळलं नसतं, आणि त्या सुताराकडे तिच्या जागी पन्नास वर्षांची नजर होती.

ती चूक बारा फुटी होडीत झाली म्हणून खांद्यावर निभावली. आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते इथे येतं. डिंगी उलटली तर माणूस ती सरळ करून पुन्हा चढतो. बुडाला शिसं लावलेली, केबिन असलेली, रात्री समुद्रात राहणारी यॉट आखायची असेल तर ती किती कललेली असतानाही परत उभी राहील, कीलचे, म्हणजे बुडाखालच्या त्या जड पात्याचे, बोल्ट किती ताण सोसतील, काठीच्या तारा कुठल्या जाडीच्या, हे हिशोबाने सिद्ध करावं लागतं. तिथे चुकलं तर माणसं जातात. त्यामुळे मुलगी काय आखू इच्छिते यावर उत्तर फिरतं. लहान डिंग्या आखायच्या असतील तर डिग्रीवाचून चालेल. सागरी यॉट आखायच्या असतील तर चालणार नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

आणि कर्बीसुद्धा डिंगीवर थांबला नाही. १९७५ च्या सुमारास संपादकाची नोकरी सोडून तो पूर्णवेळ डिझायनर झाला. सॅन व्हान २४ ही त्याची लहान क्रूझर खूप चालली. १९८० ची सोनार ही सात मीटरची कीलबोट २००० ते २०१६ पॅरालिंपिकमध्ये होती. उथळ पाण्यासाठी त्याने प्लायवूडच्या शार्पी, म्हणजे सपाट बुडाच्या होड्या, काढल्या, ज्या घरी बांधता येतात; मला व्यक्तिशः त्या सगळ्यात आवडतात, कारण आपल्या खाड्यांना तसल्याच होड्या हव्यात. १९८३ च्या अमेरिकाज् कप या यॉटच्या मानाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी कॅनडाची बारा मीटर वर्गातली कॅनडा वन त्याने आखली आणि ती आव्हानवीरांच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली. लेझर आखल्याला तेव्हा चौदा वर्षं होऊन गेली होती.

त्याच १९८३ च्या स्पर्धेतलं दुसरं उदाहरण तुमच्या मुलीला जरूर सांगा. ऑस्ट्रेलिया टू ही होडी बेन लेक्सेनने आखली. शाळा लवकर सुटलेला, शिडं शिवणारा, स्वतः ऑलिंपिकला गेलेला माणूस. डिग्री नाही. पण पंखांच्या कीलची कल्पना घेऊन तो नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनच्या चाचणी तलावावर गेला, तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर प्रतिकृती पाण्यात ओढून, मोजून, बदलून बघितल्या. त्या होडीने अमेरिकेकडे १३२ वर्षं राहिलेला कप काढून घेतला. डिग्री नसलेला माणूस मोजमापाच्या दारात गेला, ही गोष्ट मला त्यात मोलाची वाटते. 'मला आतून कळतं' म्हणत तो घरी बसला नाही.

आता आपल्याकडचं. नेव्हल आर्किटेक्चर शिकायला खरगपूर आणि मद्रासची आयआयटी आहे, कोचीचं कुसॅट हे विद्यापीठ आहे, विशाखापट्टणमला इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटी आहे. चारही चांगल्या जागा, पण तिथे भर जहाजांवर असतो आणि शीड त्या मानाने थोडं येतं. ती याने निराश झाली तर समजून घ्या. स्थिरता, ताण, पाण्याचा रोध ही तिन्ही शास्त्रं जहाजाला आणि डिंगीला एकच आहेत. शिडाचं पुढे करता येतं. लहान होड्या आणि यॉटसाठी इंग्लंडमधलं साउदॅम्प्टन नावाजलेलं आहे. प्रवेश मिळाला नाही तर मेकॅनिकल करूनही या वाटेला लागता येतं, फक्त वेळ जास्त जाईल. कॉलेज निवडताना एक बघा: पाणी जवळ आहे का. कोची, चेन्नई, विशाखापट्टणमला ती शिकतानाही शीड धरू शकेल.

पोट भरेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. फक्त शिडाच्या होड्या आखून भारतात घर चालवणं आज अवघड आहे, हे मी लपवणार नाही. कर्बीनेही पहिल्या होडीनंतर सतराएक वर्षं पगार पत्रकारितेतूनच घेतला. पण एक उदाहरण मला कायम उमेद देतं. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात म्हादेई ही शिडाची यॉट बांधली गेली. तीच घेऊन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये मुंबईहून निघून कुठेही न थांबता मुंबईला परतले. बांधणारे हात इथले, चालवणारे इथले. आराखडा मात्र नेदरलँड्सहून आणावा लागला. ती तिसरी जागा आपल्याकडे जवळजवळ रिकामी आहे, आणि तुमची मुलगी नेमकी तीच मागतेय. मला याचा मनापासून आनंद आहे.

जाता जाता पैशाबद्दल एक. लेझरच्या प्रत्येक होडीमागे कर्बीला रॉयल्टी ठरलेली होती, तरी उतारवयात तिच्यासाठी त्याला कोर्टात जावं लागलं. २०२१ मध्ये ९२ व्या वर्षी तो गेला, तोवर त्या वादाने त्याची बरीच वर्षं खाल्ली होती. मुलगी कधी स्वतःचा आराखडा कोणाला देईल तेव्हा करार वकिलाकडून वाचून घ्या.

तर माझं मत असं. बारावी आणि प्रवेश परीक्षा नीट द्यायची, डिग्री घ्यायची, आणि शर्यती एकही वर्ष पूर्ण बंद करायच्या नाहीत. परीक्षेच्या आधीचे तीन-चार महिने कमी केल्या तरी चालेल. या काळात तिने एक होडी आखून, बांधून, चालवून बघावी, आणि मग दुसरी.

सुरुवातीला नवी होडी आखायला बसू नये. परीक्षा संपल्यावर क्लबमध्ये तिची लेझर दोन लाकडी घोड्यांवर (स्टँडवर) समपातळीत ठेवा. एक ताणलेली दोरी मधोमध, एक ओळंबा, एक टेप. पुढून मागे दर ३० सेंटिमीटरवर थांबून, दोरीपासून बुडाचं अंतर आणि रुंदी मोजायची, वहीत लिहायची. दोन माणसांना एक सकाळ लागते. टेपचं दुसरं टोक तुम्ही धरा. घरी आल्यावर आलेख कागदावर एकेक छेद काढायचा. पुढचे छेद इंग्रजी व्हीसारखे येतील आणि मागे जाता जाता पसरट होत जातील. तो बदल नक्की कितव्या छेदाला होतो, आणि ती वारा चढताना जिथे बसते ती जागा त्याच्या पुढे येते की मागे, एवढं तिला शोधायला सांगा. कागद काढून झाले की फोटो इथे टाका, मी बघून सांगेन.